फ्लॅक हाऊस: बॉम्बर क्रूची खांदेमळणी

दुसरं महायुद्ध, पहाटेचे तीन. इंग्लंडमध्ये नॉरफॉकच्या सपाट शेतांतला अमेरिकन बॉम्बर विमानांचा एक एअरबेस, पत्र्याची अर्धगोल झोपडी, मधली कोळशाची शेगडी कधीच विझलेली. दार उघडतं, एक जण टॉर्च मारत आत येतो, यादीतली नावं घेतो, ब्रीफिंगची वेळ सांगतो आणि पुढच्या झोपडीकडे जातो. मेसमध्ये जाऊन ताटात खरी अंडी दिसली की उरलीसुरली शंका पण मिटायची, आज उडायचंय. कारण एरवी पावडरची अंडी, खरी फक्त मिशनच्या सकाळी. बोकडाच्या गळ्यातला हार म्हणा ना.

आता यादीत नाव असलेला तोच क्रूमधला माणूस काही आठवड्यांनी दुसरीकडे. हॅम्पशायरमध्ये रॉम्सी गावाजवळ स्टॅनब्रिज अर्ल्स नावाचं जुनं मॅनर हाऊस. सकाळ चांगली वर आलेली, पडदे सरकवून एक म्हातारा इंग्लिश बटलर ट्रेमधून फळांच्या रसाचा ग्लास आणून ठेवतो. नावाची यादी नाही. अंगावर युनिफॉर्म नाही, स्वेटर आणि साधी पँट. खाली नाष्टा तयार आहे, वाटेल तेव्हा या. नाही आलात तरी चालेल.

या घरांना ऑफिशियल नाव होतं रेस्ट होम. क्रू मात्र त्यांना फ्लॅक हाऊस किंवा फ्लॅक फार्म म्हणायचे. फ्लॅक म्हणजे जर्मन विमानविरोधी तोफांचा मारा, शब्द पण मूळचा जर्मनच. अमेरिकेच्या आठव्या एअर फोर्सने १९४३ च्या सुरुवातीला स्टॅनब्रिज अर्ल्सपासून ही घरं सुरू केली आणि युद्ध संपेपर्यंत इंग्लंडभर डझनाहून जास्त झाली. प्रकरण म्हणून मला यात इंटरेस्ट वाटतो तो एकाच गोष्टीसाठी, की हे हॉस्पिटल नव्हतं आणि हॉटेल पण नव्हतं. अजून न मोडलेल्या माणसाला मोडायच्या आधी थोडं सोडवायचं आणि परत जुंपायचं, असा तो सगळा मामला होता.

आधी अडचण काय होती ते बघू. बी-१७ बॉम्बरमध्ये दहा माणसं. विमान पंचवीस हजार फुटांवर, आत हवेचा दाब धरून ठेवायची सोय नाही, म्हणजे तोंडाला ऑक्सिजन मास्क आणि थंडी उणे चाळीस. मधल्या खिडक्यांतून मशीनगन चालवणाऱ्यांच्या खिडक्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये सरळ उघड्या. ग्लव्ह काढून बंदुकीच्या लोखंडाला हात लावला तर कातडी तिथेच चिकटायची, आणि पहिल्या वर्षभरात तर गोळ्यांनी जखमी होणाऱ्यांपेक्षा हिमदंशाचे पेशंट जास्त होते. हे सहा, आठ, कधी दहा तास. टार्गेट जवळ आलं की बॉम्ब नेमका पडावा म्हणून विमान काही मिनिटं अगदी सरळ, एका उंचीवर, एका वेगात न्यायचं, वळायचं नाही, चुकवायचं नाही, आणि नेमका तेव्हाच समोर काळ्या धुराचे गोळे फुटत असायचे. फायटर विमान आलं तर निदान त्याच्यावर गोळ्या झाडता येतात, हात कामात असतात. फ्लॅकला काहीच करता येत नाही, नुसतं बसून राहायचं. मला वाटतं घरांच्या नावात फायटर न येता फ्लॅक आला त्यात काही योगायोग नाही.

वर हिशोबाचं टेन्शन. पंचवीस मिशन पूर्ण केली की घरी, असा नियम, या पंचवीसला टूर म्हणायचे. कागदावर बरा दिसतो. पण १९४३ साली टूर सुरू केलेल्या चार माणसांतला जेमतेम एक पंचविसाव्या मिशनपर्यंत पोचत होता. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर २९१ बॉम्बर पाठवले, त्यातले ६० आले नाहीत, म्हणजे एका दुपारी सहाशे माणसं. त्याच्या चार दिवस आधी म्युन्स्टरवर गेलेल्या १०० व्या बॉम्ब ग्रुपची बारा विमानं पडली आणि एकच परत आलं, रॉबर्ट रोझेन्थालचं, दोन इंजिनं बंद पडलेलं. त्या क्रूची ती तिसरी मिशन, आणि पहिल्या तिन्ही सलग तीन दिवसांत झालेल्या. त्या संध्याकाळी मेसमध्ये टेबलं रिकामी, झोपडीत कॉट रिकामे, गेलेल्यांचं सामान पॅक करून नेणारी माणसं येऊन गेलेली, आणि एक-दोन दिवसांत त्याच कॉटवर नवीन पोरं, ज्यांची नावं पाठ करायचा जुन्यांना कंटाळा. कंटाळा नाही, भीतीच ती.

शिवाय इंग्लंडचं हवामान. तीनला उठवलं, ब्रीफिंग झालं, गरम सूट चढवून विमानात जाऊन बसले, तास-दीड तास बसले, आणि ढगांमुळे मिशन रद्द. पंचवीसच्या मोजणीत ती धरायची नाही, पोटातला गोळा मात्र तेवढाच.

बरं, सुट्टी नव्हती का? होती की. अठ्ठेचाळीस तासांचा पास, आणि पोरं तो घेऊन सरळ लंडनला. तिथे ब्लॅकआऊट, पब, पोरी, कधीमधी सायरन, आणि सोमवारी आधीपेक्षा थकून परत. दुसऱ्या टोकाला हॉस्पिटल होतं. जो खरोखर कोसळला, रात्री ओरडत उठतोय, हात धरून ठेवता येत नाहीत, त्याला सोडियम अमायटल देऊन दोन-दोन दिवस झोपवून ठेवायचे आणि मग बघायचे. या दोन टोकांच्या मधे काहीच नव्हतं. स्क्वाड्रनचे डॉक्टर, ज्यांना फ्लाइट सर्जन म्हणायचे, त्यांना हेच दिसत होतं. पोरगा आजारी नाही, पण वजन उतरलंय, सिगरेट पेटवताना काडी हलतेय, पत्त्यांच्या डावात उगाच भांडतोय, नाहीतर एकदम गप्प झालाय. याला हॉस्पिटलला पाठवावं तर तिथे शिक्का बसणार, आणि नाही पाठवावं तर अजून चार मिशननंतर हाच माणूस विमानात नऊ जणांचा जीव धोक्यात घालणार. आठव्या एअर फोर्सचे मुख्य डॉक्टर माल्कम ग्रो, फ्लॅकच्या तुकड्यांपासून वाचवणारं जाकीट ज्यांनी आणलं तेच, आणि त्यांच्या हाताखालचे डॉक्टर यांनी मग ही मधली जागा तयार करून घेतली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथे जू घासून घासून कातडी जाड झालेली असते तिथे, तूप-हळद चोळतात. खांदेमळणी. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्याच्या कानात सांगतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, झूल, मिरवणूक, कामाला हात नाही. शेतकऱ्याचं बैलावर प्रेम नसतं असं कोण म्हणेल, असतंच, पण परवा त्याच खांद्यावर जू येणार आहे हे दोघांपैकी निदान एकाला तरी माहीत असतं. फ्लॅक हाऊसमध्ये ते दोघांना माहीत होतं, एवढाच काय तो फरक.

व्यवस्था कशी होती? घर मोठ्या जमीनदाराचं, युद्धासाठी ताब्यात घेतलेलं किंवा मालकाने दिलेलं. वूस्टरशायरचं स्पेचली पार्क, शाफ्ट्सबरीजवळचं कूम हाऊस, थेम्सकाठचं मोल्सफर्ड मॅनर, डेव्हनमधलं नाइटशेज कोर्ट, अशी नावं. रेशन आणि थोडा स्टाफ एअर फोर्सचा, घरात उठण्याबसण्याची सगळी बाजू अमेरिकन रेड क्रॉसच्या बायकांकडे, आणि बटलर, माळी वगैरे बऱ्याचदा घराचेच जुने इंग्लिश नोकर. मुक्काम साधारण आठवडाभर. करायला टेनिस, बॅडमिंटन, सायकली, मासेमारी, घोडे, धनुष्यबाण, आणि आश्चर्य वाटेल पण मातीच्या तबकड्या उडवून त्यांच्यावर बंदुकीने नेम मारायचा खेळ पण. बंदुकांनाच कंटाळून आलेल्या माणसाच्या हातात परत बंदूक कशाला द्यायची असं मला आधी वाटलं होतं, पण मग लक्षात आलं, समोरची तबकडी उलट गोळी झाडत नाही.

युनिफॉर्म उतरवायला लावणं ही मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. काही घरांत रात्रीच्या जेवणाला तो घालायची पद्धत होती, पण दिवसभर नाही. खांद्यावरची पट्टी गेली की कॅप्टन कोण आणि लेफ्टनंट कोण कळत नाही, आणि स्वेटर घातलेला बावीस वर्षांचा पोरगा परत बावीस वर्षांचा दिसायला लागतो. बहुतेक जण त्याच वयाचे होते हे आपण फोटो बघताना विसरतो, ती टोपी आणि लेदर जॅकेट त्यांना मोठं करतं.

आणि रेड क्रॉसच्या मुली. मुली म्हणतोय खरा, पण परदेशी पाठवायच्या बायकांसाठी रेड क्रॉसची अट होती किमान पंचवीस वर्षं वय आणि कॉलेजचं शिक्षण, म्हणजे त्या बहुतेक पायलटांपेक्षा मोठ्याच. काम काय, तर वरवर बघता काहीच नाही. पत्ते खेळा, ग्रामोफोन लावा, नाचायला जोडीदार व्हा, कुणी एकटाच शेकोटीसमोर बसला असेल तर शेजारी जाऊन बसा, बोलला तर ऐका, नाही बोलला तर विणकाम करा. युद्धाबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. हे काम किती जड असेल याचा विचार करा, दर आठवड्याला नवीन चेहरे, त्यांची नावं, त्यांच्या आयांची नावं, कुत्र्यांची नावं, आणि मग ते गेल्यावर काही दिवसांनी कुणीतरी सहज सांगतं की अमका क्रू परवा आला नाही. क्रूला निदान ठरलेल्या मिशन तरी होत्या. या बायकांना पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा आठवडा, आणि आपल्यासाठी पण एखादं शांत घर असावं असं त्यांनी कुणाला सांगायचं?

जेवणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या वेळी सामान्य इंग्लिश माणसाला रेशनवर आठवड्याला एक अंडं, ते पण मिळालं तर. आणि या घरांत सकाळी खरी अंडी. जी अंडी तळावर मिशनची खूण होती तीच इथे काहीच खूण नव्हती, नुसतं अंडं होतं. डॉक्टरांनी मुद्दाम असा विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण कुठल्याही औषधाच्या तोडीचं होतं ते.

आता उण्या बाजूला येऊ. क्रू दहा जणांचा, त्यात साधारण चार ऑफिसर, म्हणजे पायलट, को-पायलट, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, आणि सहा सार्जंट, इंजिनियर, रेडिओवाला आणि गनर. विमानात सगळे एकाच ऑक्सिजनवर आणि एकाच इंटरकॉमवर. पण सुट्टीला निघाले की ऑफिसरांची घरं वेगळी, सार्जंट लोकांची वेगळी. ज्याच्या जिवावर तू परत आलास त्याच्याबरोबर एका टेबलावर बसून बिअर प्यायची तर तो पन्नास मैल लांब दुसऱ्या घरात. मला हे कळत नाही. म्हणजे आर्मीची शिस्त म्हणून कळतं, पण उपचार म्हणून कळत नाही, कारण या माणसांना धरून ठेवणारी गोष्ट देश नव्हता, ध्येय नव्हतं, ते बाकीचे नऊ जण होते.

एक मात्र त्यांनी बरोबर केलं, होता होईल तेवढं आख्ख्या क्रूला एकाच वेळी सोडायचं. एकट्यालाच पाठवलं की दोन भानगडी. एक म्हणजे सगळ्यांना कळतं की याचं काहीतरी बिघडलंय. दुसरी म्हणजे तो नसताना बाकीच्यांच्या मिशन पुढे जातात, मग आकडा गाठायला त्याला परक्या क्रूबरोबर उडावं लागतं, आणि परक्या विमानात उडायची भीती तर फ्लॅकपेक्षा वाईट. सगळेच गेले तर सगळेच मागे राहतात, प्रश्न मिटला.

पाठवायचं कधी? टूरच्या मधोमध, असं साधारण ठरलेलं. फार लवकर पाठवलं तर वाया, फार उशिरा पाठवलं तर आठवडाभर शांत झोप मिळालेल्या माणसाला परत त्या टॉर्चखाली नेणं जास्त क्रूर. खूप माणसांना हे परत जाणंच सगळ्यात अवघड गेलं, आधी निदान बधिर होते, आता सगळं परत टोचायला लागलं. म्हणूनच काही जण नको म्हणायचे, उरलेल्या मिशन पटपट उरकू दे आणि मला घरी जाऊ दे. आणि जेव्हा गरज सगळ्यात जास्त, म्हणजे फेब्रुवारी १९४४ मधला जर्मन विमान कारखान्यांवरच्या मोठ्या हल्ल्यांचा आठवडा, मग ६ मार्चला बर्लिनच्या हल्ल्यात एका दिवसात ६९ बॉम्बर पडले, नेमकं तेव्हाच क्रू सोडायला कमांडर तयार नसणार, कारण विमानं आहेत पण माणसं नाहीत. त्यात १९४४ च्या वसंतात टूर पंचवीसवरून तीसवर नेली, पुढे पस्तीसवर. अर्ध्या रस्त्यात आहोत म्हणून ज्याने मनाची तयारी केली त्याला कळतं की रस्ताच लांबवला. असं झाल्यावर मधोमध म्हणजे नक्की कुठे?

फ्लाइट सर्जनची गोची पण बघा. माणसाचा डॉक्टर म्हणून त्याने म्हणायला हवं की याला परत वर पाठवू नका. आर्मीचा डॉक्टर म्हणून त्याचं काम की जास्तीत जास्त माणसं वर जायच्या लायकीची ठेवा. फ्लॅक हाऊस यशस्वी झालं की नाही हे मोजायची पट्टी पण तीच, किती जण ड्युटीवर परत आले. बहुतेक सगळे आले. मग यशस्वी म्हणायचं का? आमच्या एका जुन्या ऑफिसात वेलनेस वीक असायचा, योगा, फळांची टोपली, पायांना मसाज, आणि शुक्रवारी संध्याकाळी डेडलाइन तिथल्या तिथे. तुलना फालतू आहे, माझ्यावर कोणी तोफा डागत नव्हतं, पण टोपलीतली सफरचंदं खाताना जे वाटायचं ते थोडंफार ओळखीचं आहे.

तरी पण शेजारच्या ब्रिटिश बॉम्बर कमांडकडे बघितलं की अमेरिकनांचं बरं वाटतं. तिकडे तीस ऑपरेशनची, म्हणजे मिशनची, टूर, सहा आठवड्यांनी आठवडाभर सुट्टी मिळायची, पण जो उडायला नकार देईल त्याच्या कागदावर तीन अक्षरं, एल एम एफ, म्हणजे नैतिक धैर्याचा अभाव. लोकांत मान खाली, बॅज काढून घेतलेला. सव्वा लाखाच्या आसपास माणसं उडाली, त्यातली ५५,५७३ मेली, आणि वाचलेल्यांतला कुणी म्हणाला आता नाही जमत, तर तो भित्रा. अमेरिकन बोलीत त्याच अवस्थेला फ्लॅक हॅपी म्हणायचे, म्हणजे फ्लॅकने जरा सरकलाय. शब्द थट्टेचा आहे पण दोष तोफेला देतो, माणसाला नाही. असाच एक शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीने इंग्रजीला दिलाय. तिथल्या ब्रिटिश कॅम्पात घरी जायच्या बोटीची महिनोन्महिने वाट बघत उन्हात बसलेले सोल्जर डोक्याने जायचे, त्याला ते देवळालीचा ताप म्हणायचे, ताप हा शब्द पण आपलाच, आणि अजून इंग्लंडमध्ये वेडसर माणसाला डुलाली म्हणतात. देवळालीत माणसं वाट बघून वेडी झाली आणि नॉरफॉकमध्ये वाट बघायला वेळच न मिळाल्याने, असं म्हणता येईल.

कुणासाठी ही घरं नव्हती ते पण सांगायला हवं. रात्रभर गारठ्यात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकसाठी नव्हती. आठव्या एअर फोर्सच्या बॉम्बर क्रूत काळा माणूस नव्हता, काळे सैनिक बॉम्ब आणि सामानाचे ट्रक चालवायचे, आणि त्यांच्यासाठी पण नव्हती. साउथपोर्टला समुद्राकाठी पॅलेस हॉटेल नावाचं प्रचंड हॉटेल होतं, तिथे रेड क्रॉसने १९४३ च्या उन्हाळ्यात एअरमनसाठी सोय केली. त्याच उन्हाळ्यात, २४ जूनच्या रात्री, तिथून फार लांब नसलेल्या बॅम्बर ब्रिज गावात याच आठव्या एअर फोर्सच्या ट्रक रेजिमेंटचे काळे सैनिक आणि गोरे मिलिटरी पोलीस यांच्यात पबवरून सुरू झालेलं भांडण गोळीबारापर्यंत गेलं आणि एक काळा सैनिक मेला. दोन्ही गोष्टी एकाच एअर फोर्सच्या, आणि मोटारीने तासाभराच्या अंतरावर.

पॅलेस हॉटेल १९६९ मध्ये पाडलं. स्टॅनब्रिज अर्ल्समध्ये युद्धानंतर शाळा निघाली, ती २०१३ ला बंद झाली. कूम हाऊसमध्ये पण शाळा, ती २०२० ला बंद. नाइटशेज मात्र जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, तिकीट काढून बघता येतं, लोक बाग बघायला जातात.

त्या नाइटशेजची एक नोंद आहे. सुट्टी संपवून गेलेल्या पायलटांना ओळखीच्या जागेवरून अगदी खालून, छपराला लागेल असं विमान काढायची खाज असायची, नियमाने बंदी असून पण. मे १९४५, युरोपातलं युद्ध नुकतंच संपलेलं, म्हणजे आता टॉर्च नाही, यादी नाही, मोजणी नाही. या घरी आधी राहून गेलेला एक तरुण पायलट मस्टँग फायटर विमान घेऊन आला, घरावरून खालून एक चक्कर काढली आणि बागेपलीकडच्या झाडांच्या शेंड्यांना विमान लागलं. तो तिथेच गेला.